गिटारच्या ध्वनिवर्धकांतील दुखणाईत व्हॉल्व्ह

ज्या घरांतून एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ वाजत असे, त्या घरांतील वडील मंडळींना एक अनुभव खचित आठवत असेल. बातम्या ऐन भरांत आल्या असतां आवाज एकाएकीं खरखरूं लागे. कोणी तरी उठून रेडिओच्या लाकडी पेटीवर तळहातानें एक थाप मारी, आणि आवाज पुन्हां पूर्ववत् होई. ही थाप म्हणजे उपचार होता कीं निव्वळ राग काढण्याचा प्रकार होता, याचा विचार फारसा कोणी करीत नसे. वस्तुतः त्या थापेंत एका शास्त्रशुद्ध परीक्षेचें बीज होतें. पेटी हादरली कीं एखाद्या व्हॉल्व्हच्या आंतील सैल पडलेला भाग, किंवा सॉकेटमध्यें नीट न बसलेली त्याची पिन, क्षणभर जागेवर येई आणि तेवढ्यापुरतें दुखणें दबे. दुखणें बरें मात्र होत नसे.

१९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रँझिस्टरचा शोध लागला, आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत व्हॉल्व्हचे रेडिओ दिवाणखान्यांतून माळ्यावर गेले. घरगुती वापराच्या बहुतेक यंत्रांतून आज व्हॉल्व्ह नाहींसा झाला आहे. तथापि एका क्षेत्रांतील आपलें ठाणें त्यानें अद्यापि सोडलेलें नाहीं. तें क्षेत्र म्हणजे विद्युत् गिटारचा ध्वनिवर्धक. या ध्वनिवर्धकांतील लहान व्हॉल्व्ह बिघडला म्हणजे काय होतें, अनेकांतून नेमका बिघडलेला कोणता हें कसें ओळखावें, आणि मुळांत दोष व्हॉल्व्हचाच आहे कीं त्याच्या शेजाऱ्यांचा आहे, हे प्रश्न म्हणूनच आजहि जिवंत आहेत.

गिटार हें मूळचें मृदु आवाजाचें वाद्य. अमेरिकेंतील नृत्यवृंदांत पितळी वाद्यांच्या गजरापुढें तिचा स्वर बुडून जाई. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशांप व अडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं कॅलिफोर्नियांत तारांखालीं चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें बसविलेली गिटार तयार केली. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली कीं वेटोळ्यांत अतिशय क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. त्यालाच वाढवून कर्ण्यापर्यंत पोंचविणें हें ध्वनिवर्धकाचें काम. याच प्रांतांतील फुलर्टन या गांवीं लिओ फेंडर या गृहस्थाचें १९३८ पासून रेडिओदुरुस्तीचें दुकान होतें. त्या दुकानाच्या अनुभवांतून पुढें फेंडरचे ध्वनिवर्धक जन्मास आले. आणि त्यांतील ‘बेसमन’ नांवाच्या ध्वनिवर्धकाच्या धर्तीवर लंडनमधील जिम मार्शल या वाद्यविक्रेत्यानें १९६२ सालीं आपल्या सहकाऱ्यांकडून पहिला मार्शल ध्वनिवर्धक बनवून घेतला. अर्थात् आजच्या गिटारवादकाच्या पाठीमागें उभी असलेली ती काळी पेटी आणि आजोबांचा रेडिओ यांचें नातें दूरचें नाहीं. दोघांचें कूळ एकच आहे, आणि दुखणींहि बव्हंशीं तींच आहेत.

ट्रँझिस्टर स्वस्त, लहान आणि टिकाऊ असतांना वादकांनीं व्हॉल्व्हचा हट्ट कां धरावा, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, गिटारच्या ध्वनिवर्धकाकडून केवळ मोठेपणाची अपेक्षा नसते. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार पडला म्हणजे तो स्वर एकदम कापून टाकीत नाहीं; स्वराच्या लाटांचे शेंडे हळूहळू दबत जातात, आणि मूळ स्वरांत त्याचेच वरचे उपस्वर मिसळून एक प्रकारची रसरशीत घनता येते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावली म्हणजे तार जशी सुई टोंचल्याप्रमाणें बारीक झणकारते आणि त्या झणकारामुळेंच स्वर भरल्यासारखा वाटतो, तसाच हा प्रकार आहे. परंतु जवारीचा झणकार वेगळा आणि भोपळ्याला तडा गेल्यानें येणारी खरखर वेगळी. तंबोरा ओळखणारा मनुष्य या दोहोंत कधींच घोटाळा करीत नाहीं. गिटारच्या ध्वनिवर्धकाचा दोष शोधणाऱ्यालाहि आधीं हाच विवेक लागतो. वादकानें हौसेनें मागितलेला कर्कशपणा हा दोष नव्हे. न मागतां आलेला आवाज तेवढा दोष.

आतां व्हॉल्व्हच्या अंतरंगाकडे वळणें इष्ट होईल. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यानें १९०४ सालीं इंग्लंडांत दोन अंगांचा व्हॉल्व्ह बनविला, आणि १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें त्यांत तिसरें अंग घातलें. वर्धनाची सारी किमया या तिसऱ्या अंगांत आहे. कांचेच्या निर्वात नळींत मध्यभागीं एक तापतंतु असतो; त्याच्या भोंवतीं निकेलची बारीक नळकांडी असते, तिला कॅथोड म्हणतात. तिच्यावर बेरियम व स्ट्राँशियम या धातूंच्या भस्मांचा लेप असतो, आणि लेप तापला कीं त्यांतून विद्युत्कण बाहेर पडूं लागतात. सर्वांत बाहेर असलेल्या प्लेटवर शेंकडों व्होल्टचा धन दाब असल्यामुळें हे कण तिच्याकडे धांव घेतात. वाटेंत बारीक तारेची जाळी असते. गिटारचा क्षीण प्रवाह या जाळीला मिळतो, आणि ती कणांच्या लोंढ्याला कमीअधिक अडविते. कालव्याच्या दारावर एका हाताचा जोर पुरतो आणि पाणी मात्र साऱ्या शिवाराला पुरेल इतकें हलतें, तसें येथें होतें.

गिटारच्या ध्वनिवर्धकांत प्रारंभींच्या वर्धनासाठीं जो व्हॉल्व्ह सर्वत्र आढळतो, त्याचें अमेरिकन नांव १२एएक्स७ आणि युरोपीय नांव ईसीसी८३. तो अमेरिकेच्या आरसीए कंपनीनें दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारांत आणला. नऊ पिनांच्या, अंगठ्याएवढ्या या कांचनळींत दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह शेजारीं शेजारीं बसविलेले असतात; एका घरांत दोन बिऱ्हाडें राहावींत तसें. त्यामुळें एक बिऱ्हाड आजारी आणि दुसरें ठणठणीत असेंहि होऊं शकतें. याचा वर्धनांक १०० धरतात. त्याच्याच अंगलटीचे १२एटी७, १२एवाय७ व १२एयू७ हे भाऊबंद आहेत; त्यांचा वर्धनांक अनुक्रमें सुमारें ६०, ४४ व २० असतो. बाहेरून ते सारखेच दिसतात आणि एकमेकांच्या सॉकेटमध्यें बसतातहि. म्हणून आवाज मंदावल्याची तक्रार आली कीं मागील खेपेस कोणी अजाणतां भलताच भाऊ तर बसविला नाहीं ना, हें आधीं कांचेवरील अक्षरें वाचून पाहावें.

प्रत्यक्ष मंडलांत अशा एका पायरीनें स्वर सुमारें ५० पट वाढतो असें धरलें, तर दोन पायऱ्यांनीं तो २५०० पट वाढेल. मधल्या स्वरनियंत्रणाच्या भागांत त्याचा बराच ऱ्हास होतो हें खरें. तरी तत्त्व तेंच राहतें. यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शेवटच्या व्हॉल्व्हनें केलेली कुजबूज कुजबूजच राहते. पहिल्या व्हॉल्व्हनें केलेली कुजबूज मात्र पुढचे सारे व्हॉल्व्ह इमानेंइतबारें वाढवून तिची आरोळी करतात. म्हणून आवाजाच्या तक्रारींत पहिला संशय पहिल्या व्हॉल्व्हवर घ्यावा. पहिला म्हणजे जेथें गिटारची वायर खोंचतात त्या भोंकाला सर्वांत जवळचा.

तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि येथेंच अनेकांची फसगत होते. ध्वनिवर्धक खरखरूं लागला कीं सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलून टाकावे, अशी एक समजूत पसरलेली आहे. ती दोन्ही अंगांनीं नुकसानीची आहे. दोष व्हॉल्व्हचा नसला तर पैसा व्यर्थ जातो आणि खरखर कायम राहते. दोष एका व्हॉल्व्हचा असला तर तो जातो खरा, परंतु त्याच्याबरोबर तीन-चार निरोगी व्हॉल्व्ह केराच्या टोपलींत पडतात. एके काळीं हें परवडत असे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सपासून हॉलंडच्या फिलिप्सपर्यंत अनेक कारखाने व्हॉल्व्ह काढीत. आज गिटारच्या ध्वनिवर्धकांना लागणारे बहुतेक व्हॉल्व्ह रशियांतील सारातोव्ह, स्लोव्हाकियांतील चाद्त्सा आणि चीन एवढ्याच ठिकाणांहून येतात. मार्च १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, मार्च २०२२ मध्यें, रशियांतून होणारी निर्यात अडल्याची वार्ता आली मात्र, आणि जगभर व्हॉल्व्हच्या किंमती चढल्या. अशा स्थितींत चांगला व्हॉल्व्ह फेंकून देणें हा केवळ उधळेपणा नव्हे. ज्या वस्तूचा झरा आटत चालला आहे तिची ती नासाडी आहे.

शोधास हात घालण्यापूर्वीं जिवाच्या सुरक्षिततेविषयीं चार शब्द आवश्यक आहेत. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकांत ३०० ते ४५० व्होल्टपर्यंत एकदिश दाब असतो. तो साठविणारे मोठे कंडेन्सर वीज बंद केल्यानंतर, किंबहुना वायर भिंतींतून काढून ठेवल्यानंतरहि, भरलेले राहूं शकतात. विहीर उपसणें बंद केलें म्हणून तिच्यांतील पाणी जात नाहीं, तसेंच हें आहे. हा सांठा मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसा असतो. म्हणून सामान्य वादकानें धातूची पेटी उघडून आंत हात घालूं नये. तें काम कंडेन्सर रोधकामार्फत रिते करून मोजमापानें खात्री करणाऱ्या जाणत्या कारागिराचें आहे. सुदैवानें लहान व्हॉल्व्ह बहुधा पाठीमागून, पेटी न उघडतां काढतां येतात. वीज बंद करून, कांच निवल्यावर, फडक्यानें धरून तो सरळ खालीं ओढावा. आडवा हलविला तर पिनांच्या मुळाशीं कांचेला तडा जातो. बसवितांना पिनांमधील मोकळी फट सॉकेटच्या फटीसमोर आणावी. आणखी एक नियम कधींहि मोडूं नये: कर्णा जोडलेला नसतांना असा ध्वनिवर्धक चालवूं नये, त्यानें शेवटचा ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो.

आतां परीक्षेचा क्रम. वैद्य जसा नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यानें काल काय खाल्लें तें विचारतो, तसें येथें प्रथम बाहेरचीं कारणें दूर करावीं. गिटारची वायर काढून टाकावी. बहुतेक ध्वनिवर्धकांत वायर निघतांच तें भोंक आपोआप जमिनीशीं जोडलें जातें. घुमणें किंवा तडतडणें त्याच क्षणीं थांबलें तर ध्वनिवर्धक निर्दोष आहे. दोष वायरींत, गिटारच्या बटणांत किंवा खोलींतल्या एखाद्या विजेच्या दिव्यांत शोधावा. एकेरी वेटोळ्याची गिटार तर स्वभावतःच आसपासची वीज ऐकते. वायर काढूनहि आवाज राहिला तर आवाजाचें बटण शून्यावर आणावें. त्यासरशीं तो बंद झाला तर दोष बटणाच्या अलीकडे, म्हणजे पहिल्या पायरींत; बटण फिरवूनहि त्यांत फरक पडला नाहीं तर दोष बटणाच्या पलीकडे. या एका बटणानें अर्धें घर झडतींतून वगळलें जातें.

लक्षणांपैकीं सर्वांत परिचित लक्षण म्हणजे व्हॉल्व्हचें मायक्रोफोन बनणें. जाळी आणि कॅथोड यांमधील अंतर केंसाएवढें सूक्ष्म असतें. कालांतरानें आंतील भाग सैल पडले कीं बाहेरचा धक्का लागतांच जाळी थरथरते, आणि तिच्या थरथरीचेंच वर्धन होऊन कर्ण्यांतून घंटेसारखा नाद येतो. कित्येक ध्वनिवर्धकांत व्हॉल्व्ह आणि कर्णा एकाच लांकडी पेटींत असतात; कर्ण्यानें व्हॉल्व्हला हलवावें, व्हॉल्व्हनें कर्ण्याला ओरडवावें, आणि त्या ओरडण्यानें व्हॉल्व्हनें आणखी हलावें, असें चक्र सुरू होऊन शेवटीं अखंड किंकाळी निघते. गिटारची वायर काढूनहि किंकाळी थांबली नाहीं तर ती गिटारची नव्हे हें उघड आहे. परीक्षेसाठीं ध्वनिवर्धक चालू ठेवून, आवाज मध्यम ठेवून, पेन्सिलीच्या बोथट टोंकानें प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकीशी टिचकी द्यावी. थोडासा ‘टक्’ असा प्रतिध्वनि निरोगी व्हॉल्व्हमध्यें, विशेषतः पहिल्यांत, येतोच. त्याला दोष समजूं नये. टिचकी दिल्यावर नाद लांबत राहिला, किंवा टिचकीसरशीं तडतड उठली, तर तो व्हॉल्व्ह संशयित समजावा. रेडिओच्या पेटीवर मारलेली थाप आणि ही पेन्सिलीची टिचकी यांत फरक एवढाच कीं थाप सर्वांना एकदम मारली जाई, टिचकी एकेकाला विचारते.

दुसरें लक्षण म्हणजे सतत चालणारी सळसळ किंवा मधूनमधून उठणारी तडतड. प्रत्येक व्हॉल्व्ह थोडी सळसळ करतोच, कारण विद्युत्कणांचा लोंढा अगदीं एकसारखा कधींच नसतो. परंतु लेप झिजलेला असला, किंवा नळींत वायूचा अंश राहिला असला, तर ती वाढते. येथें खरा चोर आणि शेजारी यांत घोटाळा होतो. प्लेटला दाब पुरविणारा सुमारें एक लाख ओहमचा रोधक जुन्या यंत्रांत कोळशाच्या भुकटीचा असतो, आणि म्हातारपणीं तो हुबेहूब बिघडलेल्या व्हॉल्व्हसारखा तडतडतो. कित्येक निरपराध व्हॉल्व्ह या रोधकाच्या पापाची शिक्षा भोगून गेले आहेत. तसेंच सॉकेटचें आहे. मुंबईच्या व कोंकणपट्टीच्या दमट, खारट हवेंत पिनांवर व सॉकेटच्या पकडींवर गंज चढतो. वीज बंद करून व्हॉल्व्ह तीन-चार वेळां काढून घातला असतां तडतड थांबली, तर दोष गंजाचा समजावा आणि पिना योग्य द्रावणानें पुसून घ्याव्या.

तिसरें लक्षण घुमण्याचें. तें ऐकतांना स्वराची उंची ध्यानांत घ्यावी. भारतांत वीज सेकंदास ५० वेळां उलटसुलट होते. तापतंतु आणि कॅथोड यांमधील आवरण दुबळें झालें कीं तापतंतूची ही ५० कंपनांची घुमघुम खालच्या खर्जांत ऐकूं येते. व्हॉल्व्ह बदलतांच ती जाते. उलट मुख्य कंडेन्सर म्हातारे झाल्यानें येणारें घुमणें १०० कंपनांचें, म्हणजे बरोबर एक सप्तक वर असतें, आणि लहान व्हॉल्व्ह कितीहि बदलले तरी तें हटत नाहीं. ज्यांचा कान सुरांत तयार आहे त्यांना केवळ षड्जाच्या जागेवरून अर्धें निदान करतां येतें. अमेरिकेंत हेच आंकडे ६० व १२० असतात.

चवथें लक्षण म्हणजे आवाज क्षीण होणें किंवा मुळींच न येणें. व्हॉल्व्हच्या आंत डोकावलें असतां तापतंतूचा मंद नारिंगी उजेड दिसावयास हवा. तो नसेल आणि कांच थंडगार असेल तर तंतु तुटला, किंवा सॉकेटपर्यंत वीज पोंचत नाहीं. कांचेच्या आंतील शेंड्यावर चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो बेरियमचा असून नळींतील उरलासुरला वायु गिळण्याचें काम करतो. हा डाग दुधासारखा पांढरा झाला तर कांचेला सूक्ष्म तडा जाऊन हवा आंत शिरली आणि व्हॉल्व्ह मेला, हें निःसंशय समजावें. याउलट एक दृश्य पाहून उगीच घाबरूं नये: कांहीं बनावटीच्या व्हॉल्व्हमध्यें वीज लावतांच तंतूचा एक कोपरा क्षणभर लखकन् पांढरा पेटतो आणि मग शांत होतो. तो त्या बनावटीचा स्वभाव आहे, रोग नव्हे. मात्र शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हची प्लेट लालबुंद झालेली दिसली, किंवा फ्यूज वारंवार जाऊं लागला, तर यंत्र तत्काळ बंद करावें. तें प्रकरण लहान व्हॉल्व्हच्या कक्षेंतलें नव्हे.

लक्षणांवरून संशय निश्चित झाल्यावर पुराव्याची वेळ येते, आणि त्यासाठीं अदलाबदलीसारखी दुसरी परीक्षा नाहीं. खात्रीचा एक चांगला १२एएक्स७ जवळ ठेवावा. वीज बंद करून संशयिताच्या जागीं तो बसवावा आणि पुन्हां ऐकावें. दोष गेला तर संशयित दोषी ठरला. दोष राहिला तर मूळचा व्हॉल्व्ह परत जागेवर बसवून पुढच्या सॉकेटकडे वळावें. एका वेळीं एकच बदल, हा येथील पहिला आणि शेवटला नियम आहे. सुटा व्हॉल्व्ह जवळ नसला तरी अडत नाहीं. एकाच जातीचे दोन व्हॉल्व्ह यंत्रांत असतील तर त्यांच्या जागा बदलाव्या. दोष व्हॉल्व्हबरोबर नव्या जागीं गेला तर व्हॉल्व्ह वाईट. व्हॉल्व्ह गेला आणि दोष मागेंच राहिला तर जागा वाईट. भाडेकरू बदलल्यावरहि घर गळतच राहिलें तर भाडेकरूस बोल लावण्यांत अर्थ नाहीं. लहान व्हॉल्व्ह आपला समतोल आपणच सांभाळतात, म्हणून ते बदलल्यावर कसलीहि जुळवाजुळव करावी लागत नाहीं. शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हचें तसें नाहीं, बहुतेक यंत्रांत ते बदलल्यावर त्यांचा प्रवाह कारागिराकडून बसवून घ्यावा लागतो.

समजा, संध्याकाळीं कार्यक्रम आहे आणि दुपारीं चार वाजतां ध्वनिवर्धक खरखरूं लागला. वायर काढली, तरी खरखर आहे. आवाजाचें बटण शून्यावर नेलें, ती थांबली. म्हणजे दोष बटणाच्या अलीकडे. टिचकी दिली, पहिला व्हॉल्व्ह गप्प राहिला. वीज बंद करून पहिला व दुसरा यांची अदलाबदल केली. खरखर पूर्वीइतकीच राहिली आणि बटणानें पूर्वीप्रमाणेंच थांबली. दोष पहिल्या जागेवरच उरला. अर्थात् दोन्ही व्हॉल्व्ह निर्दोष ठरले, आणि संशय त्या जागेच्या रोधकावर किंवा सॉकेटवर आला. पुष्कळ ध्वनिवर्धकांत दोन स्वतंत्र वाटा असतात; दुसरी वाट शांत असेल तर त्या संध्याकाळीं गिटार तींत जोडावी, आणि दुसरे दिवशीं यंत्र दुरुस्तीस न्यावें. वीस मिनिटांच्या या तपासानें कार्यक्रमहि वांचतो आणि नवे व्हॉल्व्ह घेण्याचा खर्चहि.

कारागीर पेटी उघडतो तेव्हां त्याचा मीटर हीच साक्ष आंकड्यांनीं देतो. उदाहरणार्थ, पुरवठा ३०० व्होल्ट, प्लेटचा रोधक एक लाख ओहमचा आणि कॅथोडचा १५०० ओहमचा आहे असें धरूं. निरोगी व्हॉल्व्हच्या प्लेटवर १९० व्होल्ट मिळाले, तर रोधकावर ११० व्होल्ट खर्च झाले, म्हणजे प्रवाह १.१ मिलिअँपिअर, आणि तोच प्रवाह कॅथोडच्या रोधकांतून जातांना तेथें १.६५ व्होल्ट दिसावयास हवे. प्लेटवर जवळजवळ पुरते ३०० व्होल्ट आणि कॅथोडवर शून्य दिसलें, तर व्हॉल्व्हमधून प्रवाहच नाहीं: व्हॉल्व्ह झिजला आहे. प्लेटवर कांहींच दाब नसेल तर प्लेटचा रोधक तुटला. प्लेटचा दाब फारच उतरला आणि जाळीवर धन दाब आढळला, तर मागील पायरीला जोडणारा कंडेन्सर गळतो आहे. तेथें व्हॉल्व्ह बदलणें व्यर्थ होय. दुकानांतील साध्या परीक्षायंत्रावर व्हॉल्व्ह ‘चांगला’ ठरला एवढ्यावरहि विसंबूं नये. तें यंत्र विद्युत्कणांचा पुरवठा मोजतें. नाद आणि सळसळ त्याला ऐकूं येत नाहीं. खरी परीक्षा ध्वनिवर्धकांतच होते.

विशेष कामाच्या व्हॉल्व्हकडेहि लक्ष असावें. स्वराला कंप देणारी किंवा घुमारा देणारी सोय तेवढी बंद पडली आणि बाकी सर्व ठीक असलें, तर त्या सोयीचाच व्हॉल्व्ह आधीं बदलून पाहावा. मोठ्या व्हॉल्व्हच्या जोडीला उलटसुलट स्वर पुरविणारा शेवटचा लहान व्हॉल्व्ह झिजला, तर आवाज दुबळा आणि एकांगी फाटका होतो. हीच जागा दुसऱ्या दृष्टीनें उपयोगी आहे. पहिल्या जागीं थोडासा नाद करणारा व्हॉल्व्ह येथें बसविला असतां बहुधा मुकाट्यानें काम करतो, कारण त्याच्यापुढें त्याची कुजबूज वाढविणारे फारसे कोणी उरलेले नसतात. म्हणून पहिल्या जागेवरून निवृत्त झालेल्या व्हॉल्व्हला एकदम टाकून न देतां त्याच्यावर तारीख व दोष लिहून ठेवावा. चांगल्या वापरांत लहान व्हॉल्व्ह हजारों तास टिकतो; त्याला म्हातारपणींहि झेपेल असें काम मिळूं शकतें.

दुखणें ओळखण्याची ही सारी विद्या शेवटीं एका साध्या संवयीवर उभी आहे: ऐकावें, एक गोष्ट बदलावी, आणि पुन्हां ऐकावें. व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने मोजके उरले आहेत, आणि व्हॉल्व्हची नाडी ओळखणारे कारागीर तर त्याहून मोजके. ज्या वादकाला आपल्या पेटींतील चार-पांच कांचनळ्यांची ओळख पटली, तो त्यांना विनाकारण मोडींत काढीत नाहीं, आणि कारागिराकडे गेला तर ‘आवाज बिघडला’ एवढेंच सांगून स्वस्थ बसत नाहीं. कोणत्या जागीं, कोणत्या बटणानें आणि कशा प्रकारें बिघडला, तें सांगतो. जुन्या रेडिओवरील थापेनें दुखणें दबत असे. पेन्सिलीची टिचकी दुखण्याचें नांव सांगते. आणि नांव कळलेल्या दुखण्यावर उपाय करणें नेहमींच सोपें असतें.